बाटलीतला फुलोरा

आमच्या प्रयोगशाळेत बांबूच्या बोटभर तुकड्यापासून बाटल्यांमध्ये हजारो रोपं वाढवतात. पोस्टमन आजोबांच्या अंगणातलं, आजींनी लावलेलं बेट आम्ही निवडलं, तेव्हा साहेब ऐटीत म्हणाले, “आजोबा, आता याला मरण नाही!” पुढं आजी गेल्या. वर्षभरात बेट फुललं. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो आणि वाळून जातो. आजोबा निर्धास्तपणे बाटलीतलं रोप मागायला आले. साहेबांना नेमकी तातडीची बैठक आठवली. मी बाटली पुढं केली. आत अंगठ्याएवढं रोप, त्यावर फुलोरा. “सगळ्यांत असंच?” “सगळ्यांत. रोप नवं, पण वय मूळ बेटाचंच.” आजोबांनी चष्मा पुसून फुलोरा निरखला. “आमच्या हिचीच खोड. कुठं निघायचं तर आधी नटायचं!” मग बाटली जुन्या टपालपिशवीत ठेवली. “हे किती दिवस टिकेल, पोरी?” “महिनाभर.” “पुष्कळ झालं. ती तर चहा उकळेपर्यंतही थांबली नव्हती.”