डाव्या अंगाची जागा

मी शिरवळच्या कंपनीत कामाला, त्यामुळं माझ्या चार वर्षांच्या लेकीला थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्काच भरवतात. मी घरी असले तरी ते काम त्या सोडत नाहीत. मी आतल्या आत जळायचे. एकच समाधान होतं. अक्का समोर बसून भरवायच्या, मी लेकीच्या डाव्या अंगाला बसायचे, आणि ती प्रत्येक घासाला तोंड माझ्याकडं वळवायची. "खाती तुमच्या हातनं, पर वळती आईकडंच," मी मुद्दाम म्हणायचे. अक्कांचा चेहरा पडायचा. काल तिचे जन्मापासून थरथरणारे डोळे साताऱ्याला दाखवले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मान डावीकडे वळवून डोळे उजव्या कोपऱ्यात नेले, की हिची थरथर थांबते आणि समोरचं नीट दिसतं. म्हणून ती तशी वळते. ऑपरेशनने मान सरळ होईल." समोरचं! म्हणजे माझ्याकडं तोंड करून पोरगी इतके दिवस अक्कांना बघत होती. घरी आल्यावर अक्कांनी विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टर?" "ऑपरेशन करायचं हाय, दिवाळीनंतर," मी एवढंच सांगितलं. जेवायच्या वेळी म्हटलं, "अक्का, आज तुमी माझ्या जागंवर बसा. मी भरवती." अक्का लगबगीनं डावीकडं सरकल्या. मी समोर बसून घास पुढं केला. पोरीनं मान वळवली. "आगं, माझ्याकडं बघती!" अक्कांचे डोळे भरून आले. "व्हय की, अक्का," मी म्हटलं. पोरीच्या डोळ्यांची थरथर थांबली होती, आणि ते माझ्यावर खिळले होते.