आयेदचे निरोप

"आज किती रोट्या?" उंटावरचं सरपण उतरवता उतरवता मुतलकनं हळूच विचारलं.

फिद्दा कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही. "आधी सांग, काय म्हणाला?"

दर खेपेला हेच. आधी नवऱ्याचा निरोप, मग बातमी.

मुतलकनं मोळी भिंतीशी टेकवली. "म्हणाला, डोंगरात गार वारा सुटला की तुझ्या भट्टीची ऊब आठवते. म्हणाला, इथं शेकोट्या पुष्कळ आहेत, पण त्यांच्याभोवती घर नाही."

कणकेतला तिचा हात थांबला. थोड्या वेळानं पुन्हा चालू लागला.

"पिठाची आगगाडी यायची आहे," ती म्हणाली. "ठाण्यात सगळे तेच बोलतायत, मुद्दाम मोठ्यानं. नुसतं पीठ, पहारा नाही. पण तिच्यासाठी रोट्या मागितल्यात दोन पलटणींना पुरतील एवढ्या. पिठाच्या पोत्यांना भूक लागते का रे, सरपणवाल्या?"

मुतलकनं झटकन उंटाचा दोर ओढला. त्याच गाडीवर तुटून पडायला तुर्कांविरुद्ध बंड केलेल्या शेख दहामची माणसं नाल्यात दबा धरून बसली होती. त्यानं सरपणाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. उंट पिटाळला.

मआन गावच्या रेल्वे ठाण्यातल्या तुर्की शिपायांना फिद्दाच्या भट्टीतून रोटी जायची. कुठल्या गाडीत किती माणसं, हे मागणीवरून तिला कळायचं. मुतलक सरपण विकायच्या मिषानं गावात यायचा आणि तिचं बोलणं डोंगरातल्या तळावर पोचवायचा. तिथून बातमी अकब्याच्या बंदरात, बंडवाल्यांच्या मदतीला आलेल्या इंग्रजांच्या छावणीत जायची. पण तोवर शेखच्या माणसांनी रुळाखाली सुरुंगाची दारू पेरलेलीही असायची. हे कळलं असतं, तर तुर्कांनी दोघांनाही ठाण्यासमोर फासावर चढवलं असतं.

आणि हे सगळं उभं होतं एका थापेवर.

फिद्दाच्या नवऱ्याला, आयेदला, इंजिनासाठी लाकडं तोडायला तुर्कांनी धरून नेलं होतं. तिथून तो पळाला आणि डोंगरातल्या बंडवाल्यांना मिळाला, एवढंच तिच्या कानावर आलं होतं. पहिल्या भेटीतच तिनं अट घातली. आधी आयेदची खबर आण, मग गाड्यांचं बोलू. मुतलकनं तळावर प्रत्येकाला विचारलं. आयेदला कुणीच पाहिलं नव्हतं.

शेख दहाम दाढी कुरवाळत म्हणाला, "आहे म्हणून सांग. बाईला आशा असली की ती बोलते."

मुतलकनं तसंच सांगितलं. आयेद दूरच्या टोळीत आहे, खुशाल आहे.

"काही म्हणाला?" तिनं विचारलं होतं.

"म्हणाला, तुझ्या हातच्या रोटीची चव दुसऱ्या कशाला नाही."

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग ओढणीच्या टोकानं तोंड पुसलं आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीची पहिली बातमी दिली.

थापेला दर खेपेला नवं खायला घालावं लागतं. मुतलक वाटेत निरोप जुळवू लागला. आईबाप दुष्काळात गेलेले, परक्यांच्या तंबूत वाढलेला हा माणूस. त्याची वाट बघणारं जगात कुणी नव्हतं. दऱ्यांत बदामाला फूल आलं की तो मनाशी म्हणायचा, हे तिला सांगायला हवं. टेकडीवरून दुरून मआनचा धूर दिसला की त्यातला तिच्या भट्टीचा कुठला, ते तो ओळखू बघायचा. आयेदच्या नावाखाली तो स्वतःच्याच मनातलं बोलू लागला होता, आणि ते आपल्याला कधीच आपलं म्हणून बोलता येणार नाही, हे त्याला कळत होतं.

एक गोष्ट मात्र त्याला नवलाची वाटे. आयेद परत कधी येणार, हे तिनं कधी विचारलं नाही. फक्त, काय म्हणाला.

पिठाच्या गाडीच्या त्या दिवशी तो वेळेवर नाल्यात पोचला. माणसं झुडपांत पडून राहिली आणि गाडी त्यांच्यासमोरून गेली. डब्यांच्या फटींतून मशीनगनच्या नळ्या डोकावत होत्या. गाडी नजरेआड झाल्यावर एका म्हाताऱ्यानं मातीला कपाळ टेकलं.

मुतलकच्या मनातून एक गोष्ट जाईना. जिच्यामुळे इतके जीव वाचले, तिला आपण फसवतोय. तो शेखकडे गेला आणि म्हणाला, मी तिला खरं सांगणार.

"तोंड बंद ठेव," शेख म्हणाला. "चिडली तर उद्या ठाण्यात जाऊन आपलं नाव सांगेल. लढाई संपेपर्यंत ती अंधारातच बरी."

तरी मुतलक गेला. सरपण न घेताच गेला. फिद्दा भट्टीपाशी बसली होती.

"रिकाम्या हातानं?" ती म्हणाली. "सरपणाला कंटाळलास वाटतं. बरं, काय म्हणाला?"

"काही नाही." मुतलक उभाच राहिला. "बाई, मी आयेदला कधी पाहिलंच नाही. तो जिवंत आहे की नाही, ते आमच्यात कुणालाच ठाऊक नाही. जे जे सांगितलं ते सगळं माझं होतं. आता ठाण्यात जाऊन माझं नाव घेतलंस तरी मी पळणार नाही."

ती रडली नाही, ओरडली नाही. भट्टीतून गरम रोटी काढली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"बस," ती म्हणाली. "ते तर पहिल्याच दिवशी कळलं होतं मला."

"मग दर खेपेला विचारत का होतीस?"

"असं माझ्याशी कधी कुणी बोललंच नव्हतं," फिद्दा म्हणाली. "आयेद जन्माचा मुका."