जात्यावरचं वचन

"हात मांडीवर ठेवा," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि बाराही पोरं मुकी झाली.

चार-चार वर्षांची पोरं ती. नरडाण्याच्या मिशनच्या ओट्यावर रांगेत बसलेली. समोर खुर्चीत जळगावहून तपासणीला आलेल्या मडमसाहेब. देवाची जगावरची प्रीती सांगणारं एकच वचन म्हणून दाखवायचं होतं, आणि एकालाही पहिला शब्द फुटेना. प्रमिलाबाई पाळकांच्या पत्नी, नगरकडच्या, शिकलेल्या. पोरांना वचनं शिकवणारी भिकुबाई त्यांच्या डोळ्यांत पहिल्यापासून खुपत होती. बोर्डिंगचं दळण दळणारी अडाणी विधवा शास्त्र शिकवते म्हणजे काय! पोरांना आलं नाही तर तिचं काम जाणार आणि आवारातली खोलीही, हे त्यांनी मडमसाहेबांकडून आधीच कबूल करून घेतलं होतं. आता त्यांचा चेहरा असा खुलला होता की बघवत नव्हतं.

भिकुबाईला राग आला. पोरांना येतं, पण जात्याशी येतं, असं तिने ठणकावून सांगितलं. ती दळायला बसली की पोरं तिच्याभोवती जमत, खुंट्याला हात लावत आणि तिच्याच चालीवर वचन म्हणत. तिला वाचता येत नव्हतं. पाळकांच्या तोंडून ऐकून तिने स्वतः ते असंच पाठ केलं होतं. मडमसाहेबांनी मान हलवली आणि सगळी वरात जात्याशी गेली.

जातं फिरलं तशी बारा तोंडं उघडली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मडमसाहेब हसल्यासुद्धा. विश्वास ठेवणाऱ्याचा नाश होत नाही, त्याला सार्वकालिक जीवन मिळतं, इथं वचन संपलं आणि पोरं एका सुरात पुढे म्हणाली, "अभिमन मना." माझा अभिमन.

"हा कोण अभिमन?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"मना आंडोर," भिकुबाई म्हणाली.

लेक तिचा. बाई जात्यावर बसली की ओवीच्या शेवटी भावाचं नाही तर लेकाचं नाव घेतेच, त्यात कुणाला काही विचारायचं असतं हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. अभिमन मानमोडीच्या साथीत गेला तेव्हा या पोरांएवढाच होता. तिचा बाप्तिस्मा त्यानंतर दोन वर्षांनी झाला.

"म्हणजे तो बाप्तिस्म्याविना मेला," प्रमिलाबाई म्हणाल्या. "हे वचन त्याच्यासाठी नाही. लेकरांच्या तोंडून शास्त्र बाटवतेस?"

आईच्या तोंडावर हे सांगायला दगडाचं काळीज लागतं. बाईंकडे ते होतं. मडमसाहेबांनी निवाडा दिला. त्यांच्या परतीच्या दुपारच्या गाडीच्या आत ते नाव निघालं तर खोली राहील, नाहीतर नाही.

भिकुबाईला जायला दुसरं घर नव्हतं. बाप्तिस्मा झाला त्याच दिवशी गावाने तिला दार लावलं होतं. तिने पदर खोचला आणि पुन्हा खुंटा धरला. नाव यायच्या वेळी ती शेजारच्या पोराच्या तोंडावर हात ठेवी, मग त्याच्या पलीकडच्याच्या. प्रमिलाबाई डोक्याशी उभ्याच होत्या. पोरांना काय, घातलं ते घेतलं, काढलं ते सोडलं. पाचव्या-सहाव्या खेपेला ते नाव कुणाच्याच तोंडात उरलं नाही.

मडमसाहेबांना पुन्हा बोलावणं गेलं. पोरांनी वचन स्वच्छ म्हटलं, जसं पुस्तकात आहे तसं. ते संपलं, पण जातं थांबलं नाही. नावापुरता एक फेरा रिकामा फिरला. बाराही पोरं तोंड मिटून त्या फेऱ्याबरोबर डोलली आणि मग त्यांनी पहिल्यापासून वचन सुरू केलं.

"तिथं का थांबतात?" प्रमिलाबाईंचा आवाज चढला. "आता काय राहिलंय तिथं?"

भिकुबाईने खुंटा सोडला नाही.

"नाव मी काढी टाकं, बाई. त्यानी जागा कशी काढू?"