घट्ट तेल

"सर, घाटात पाऊस आहे. घट्ट तेल घाला," शर्यतीच्या सकाळी वैजयंता म्हणाली.

प्रशिक्षक मोहिते सरांनी तिच्या सायकलच्या चेनवर नेहमीचं पातळ तेल सोडलं. "घट्ट तेलानं चेन जड होते. तू पेडल मार, तेलाचं मी बघतो."

निम्म्या घाटात ती सगळ्यांच्या पुढे होती. तोवर पावसाने तेल धुऊन नेलं होतं. कोरडी चेन करकरू लागली आणि गियर बदलताना निसटली. ती बसवेपर्यंत पाच जणी पुढे गेल्या. राज्याच्या संघात चौघींनाच जागा होती. वैजयंता सहावी आली.

ती वर पोचली तेव्हा सर निवड समितीला सांगत होते, "पोरीचा दम कमी पडला."

तिचं डोकं फिरलं. तिने सायकल त्यांच्यापुढे उभी केली, सरांचा हात धरला आणि त्यांची बोटं चेनवरून ओढली. बोटांना रेती लागली, तेलाचा थेंबही नाही.

"आता सांगा यांना, काय कमी पडलं ते."

संघात तिची निवड झाली नाही. त्यानंतर तिने सरांना सायकलला हात लावू दिला नाही.