वरच्या वळणाला

“खाली वाऱ्यासारखी पळते नि चढावर ऐन वेळी रुसते, सटवी,” शार्दूल स्नोमोबाइलला बोल लावत होता. प्लग बदलले, पट्टा बदलला, टर्बो तपासला, विरळ हवेसाठी पेट्रोलचं प्रमाणही लावून झालं. स्की-फील्डच्या मेकॅनिकने “स्वीट ॲज, मेट,” म्हणजे गाडी एकदम ठणठणीत आहे, असं म्हणताना त्याच्याकडे बघायचं मात्र टाळलं. आज चढली नाही, तर बचाव पथकातलं त्याचं काम जाणार होतं. म्हणून दमयंती नवऱ्यामागे बसली, त्याच्या खांद्यावरून अंगठ्याखालच्या थ्रॉटलकडे बघत. वरच्या वळणाला गाडीने पुन्हा आचका दिला.

“बघितलंस?”

“बघितलं.” तिने त्याच्या हातमोज्यावर हात ठेवला. “गाडीला काही झालेलं नाही रे. माझा दादा बर्फाखाली गाडला गेला ती जागा आली, की तुझाच अंगठा थ्रॉटलवरून उठतो.”