हळदीचं आमंत्रण

हरेश दारात उभा होता. हातात लग्नपत्रिका आणि गळ्यात अजून कंपनीचं कार्ड. त्याला बघून दिनानाथ जागीच थबकला.

"ये, ये ना," तो कसाबसा म्हणाला.

ज्याचं तोंड निदान सोमवारपर्यंत तरी बघायला लागू नये असं वाटत होतं, तोच नेमका घरी यावा! नशीब म्हणतात ते हेच.

दिनानाथ ऐरोलीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत एचआरला होता. हरेश तिथेच कॉम्प्युटर आणि दारं उघडायची सगळ्यांची कार्डं सांभाळायचा. ऐरोली गावातलाच मुलगा, सगळ्यांच्या कामाला धावणारा. सोमवारी कंपनी माणसं कमी करणार होती. दिनानाथनं एकेकाला केबिनमध्ये बोलावून राजीनामा लिहून घ्यायचा होता, आणि त्यांत हरेश होता. साहेबांनी दाराला कडी घालून बजावलं होतं, "बाहेर फुटलं, तर पहिला तू जाशील."

"उन्नतीची हळद हाय," हरेश म्हणाला. "बहीन माझी. तुमी सगल्यांनी यायचं, वहिनी."

नंदिनीनं पाण्याचा ग्लास पुढे केला. "आणि आई कुठायत? आमंत्रणाला एकटाच?"

"आई येल नंतर, अक्षता घेऊन. मी इकडूनच चाललो होतो."

दिनानाथनं पत्रिका उलटसुलट केली. पाकिटावर नावसुद्धा घातलं नव्हतं. लग्नघरची घाई, दुसरं काय! पोरगं बिचारं एकटंच धावतंय, या विचारानं त्याला आणखीच कसंतरी झालं.

"तुमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी ना रे?" नंदिनीनं विचारलं.

"सगला गाव जेवतो, वहिनी. वर बेंजो, डीजे. बाबा नाहीत, मग मलाच बघायचं. उद्या सकाळी पर्सनल लोनवर सही करतोय."

"कर्ज?" दिनानाथ इतक्या जोरात बोलला की नंदिनी दचकली. त्यानं आवाज खाली आणला. "नाही म्हणजे, दिवस बरे नाहीत, हरेश. माझ्या मेहुण्याचंच बघ, महापेला नोकरीला होता. एका दुपारी सांगितलं, उद्यापासून येऊ नका. अशा वेळी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. नवीन कर्ज तर नकोच नको."

"तुमी पन तसंच करता, सर?"

नंदिनीला हसू आलं. "हे? यांनी आजच सीवूड्सच्या फ्लॅटचा चेक दिलाय बिल्डरला. एफडी मोडली, माझे दागिने गहाण टाकले. दुनियेला शिकवतील नुसते!"

"माझी गोष्ट वेगळी आहे," दिनानाथ पुटपुटला. काढणाऱ्याला कोण काढतंय, असं त्यानं नंदिनीला कितीदा तरी ऐकवलं होतं. त्या भरवशावरच तर चेक दिला होता.

नंदिनी चहा टाकायला आत गेली. हरेश सोफ्याच्या कडेवर बसून होता. पंखा चालू असूनही त्याच्या कपाळावर घाम होता.

"हळद साधी कर," दिनानाथ म्हणाला. "घरच्यांपुरती."

"लोक आईच्या तोंडात शेण घालतील, सर."

"घालू देत. लोक काय, दोन दिवस बोलतात."

हरेश गळ्यातलं कार्ड बोटांत फिरवत राहिला. चहा आला, तो तसाच निवत राहिला. मग त्यानं एकदम विचारलं, "सर, दिलेला चेक थांबवता येतो का?"

म्हणजे पोराच्या डोक्यात प्रकाश पडला होता! दिनानाथ पुढे सरकला. "येतो की. वटायच्या आत बँकेत कळवायचं. कोणाला दिलायस, बेंजोवाल्याला?"

"आनि समोरच्यानं ऐकलं नाही तर? भांडन केलं तर?"

"करू दे. थोडं नुकसान सोसायचं. सगळं बुडण्यापेक्षा ते बरं."

"बरोबर हाय," हरेश म्हणाला आणि उठला. उठला तरी पाय निघेना त्याचा. दिनानाथ त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेला.

पॅसेजमध्ये कोणी नव्हतं. तरी दिनानाथनं दोन्ही बाजूंची दारं बघून घेतली. मुलीची, क्षिप्राची कॉलेजची फी, नव्या घराचे हप्ते, साहेबांचा तो आवाज, सगळं एकदम डोक्यात नाचायला लागलं. गप्प बस, स्वतःचं बघ, असं मन ओरडत होतं. पण उद्या सकाळी हा पोरगा सही करणार होता, आणि सोमवारी आपण त्यालाच समोर बसवून पाणी विचारणार होतो. कुठल्या तोंडानं?

"हरेश, उद्या सही करू नकोस."

"का पन, सर?"

"सांगतो म्हणून ऐक."

"काय झालंय?"

लिफ्ट आली, उघडली आणि रिकामीच निघून गेली.

"सोमवारी मी तुला केबिनमध्ये बोलावणार आहे," दिनानाथ कुजबुजला. "तुझी नोकरी जातेय. माझं नाव कुठे काढू नकोस, हात जोडतो. फुटलं तर माझ्या पोटावर पाय येईल."

हरेश भिंतीला टेकला. त्यानं दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "आईला काय सांगू आता?" असं काहीतरी तो स्वतःशीच बोलला. मग त्यानं गळ्यातलं कार्ड काढलं आणि मुठीत घट्ट धरलं. त्याचे डोळे भरून आले होते. दिनानाथकडे बघवत नसल्यासारखा तो खाली बघत होता.

"तुमी कसं बोलावनार, सर?" तो हळूच म्हणाला. "सोमवारी सकाळी सगल्यात आधी तुमचंच कार्ड बंद करायला सांगितलंय मला."