कपाळावरचं पाणी
रविवारी सकाळी दहा वाजता अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीतल्या नदीकाठच्या चर्चमध्ये आफ्रिकेतून आणलेल्या ग्रासियाच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ती झालेला गुलाम मोकळा होतो अशी समजूत असल्याने मालकाने दोन वर्षं टाळाटाळ केली होती. मग शुक्रवारी तो स्वतःच म्हणाला, “आण गं पोराला.” “सुटलं बये, तुझं लेकरू!” बाप्तिस्मा होताच ठरावीक वर्षांच्या करारावर आलेली गोरी मोलकरीण कुजबुजली. “मग धनी एवढा खुशीत का?” ग्रासियाने विचारलं. तेवढ्यात चर्चच्या कारकुनाने राजधानीतून आलेला नवा कायदा वाचला: बाप्तिस्म्याने गुलामी संपत नाही. मोलकरणीचा करार नाताळला संपून ती मोकळी होणार होती. ग्रासिया टोपड्याने लेकराचं ओलं कपाळ पुसू लागली, कोरडं झालं तरी पुसतच राहिली. “अगं, स्वर्ग मिळालाय त्याला,” मालक हसला. सोमवारी सकाळच्या हजेरीला मायलेकरं नव्हती. टोपडं धक्क्यावर सापडलं. तिथे नेहमी बांधलेली असणारी होडी बुधवारपर्यंत सापडलेली नाही.